आईचं शिसवी कपाट

नव्या प्लायवूडचा वास आला की नव्वदीतलं लखनौचं आमचं रेल्वे क्वार्टर आठवतं. आई नागपूरला माहेरी गेली होती, तेव्हा बाबांनी तिच्या आईनं लग्नात दिलेलं पितळी कड्यांचं, खणाखणांचं शिसवी कपाट आलमबागच्या दुकानदाराला देऊन बदल्यात चकचकीत नवं आणलं. जुन्याचे खण अडकतात म्हणून ती रोज कुरकुरायची. बाबांना वाटलं, खूश होईल. आल्यावर आईनं एकेक खण ओढून पाहिला, “छान सरकतात हो,” म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. बाबा मला घेऊन तसेच दुकानात धावले. “वो तो कल ही बिक गई, साहब,” दुकानदार म्हणाला. त्यावरून आई कधी एका शब्दानं बोलली नाही. ती तेव्हा कडकडून भांडली असती, तर बाबा सुटले असते, असं आता वाटतं.