शोकाच्या घरातून निघताना

कॉलेज एक वर्ष थांबवून मी चर्चतर्फे केनियाला सेवेसाठी गेले होते. तिथं शोकाच्या घरी एकटीनं जाऊन प्रार्थना करायची जबाबदारी पहिल्यांदाच माझ्यावर आली. एका आजींचे यजमान वारले होते. प्रार्थना नीट झाली आणि मी काही न बोलता निघाले. इंदूरला आम्ही चर्चला जाणारे असलो, तरी मयताच्या घरातून निघताना ‘येते’ म्हणत नाही. तशा कारणानं पुन्हा यावं लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी आमच्या सेवेच्या टीममधल्या दीदी म्हणाल्या, “प्रार्थना केलीस की भांडून आलीस? आजी विचारतायत, मुलगी नाराज झाली का.”

मी घाबरून आईला फोन केला. “अगं बेटा, त्यांना आपलं काय पता? जा, बस जरा त्यांच्याजवळ.”

आजींकडे जाऊन मोडक्या स्वाहिलीत मी त्यांना आमची रीत सांगितली. त्या म्हणाल्या, “आता या घरात कुणी परत येणारं नाही. तू तरी येते म्हणून जा.”

मी निघायला दारात आले. तशाच कारणानं पुन्हा यावं लागेल, ही मनातली भीती गेली नव्हती. तरी मी म्हटलं, “उद्या येते.”