पहिल्या दिवशीचे कप

चूक माझीच. हवेलीतल्या पहिल्या दिवशी स्वयंसेवकांची मीटिंग संपली, सगळे उठले, आणि मी नऊ जणांचे उष्टे कप उचलून विसळून टाकले. कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे पाहुणं म्हणून गेलं तरी उठताना कपबशा आत नेऊन ठेवतात, तेवढंच. "ओ, यू आर अ ट्रेझर!" स्वयंसेवकांचं काम बघणाऱ्या बाई म्हणाल्या, आणि मी मूर्खासारखी खूश झाले.

आईच्या हे तिथल्या तिथे लक्षात आलं असतं. तिने पुण्यात आयुष्यभर लोकांची धुणीभांडी केली. मी इंजिनिअरिंगला लागले तेव्हा तिने एकच बजावलं होतं, "दुसऱ्याच्या घरात भांड्याला हात लावू नकोस. एकदा लावलास की ते तुझंच काम होतं." आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. मला वाटलं, डिग्री असली की हे आपल्याला लागू नाही.

इकडे परदेशात आम्ही राहतो त्या डँडेनॉन्गहून गाडीने तासाभरावर ती हवेली आहे. लोकरीच्या धंद्यात गबर झालेल्या एका इंग्रजाने बांधलेली, त्याच्या मायदेशातल्या जमीनदारांच्या घरांची हुबेहूब नक्कल. त्याआधी ही जमीन कुणाची होती, ते माहितीपत्रकात एका ओळीत उरकलंय. ओकची झाडं, वळणं घेणारं तळं, नजर पोचेल तिथवर हिरवळ. सगळं निसर्गाने केल्यासारखं दिसावं म्हणून मजुरांकडून खणून घेतलेलं. शनिवारी तिथे स्वयंसेवक पाहुण्यांना फिरवतात.

मी गेले ती बागेसाठी. पावसाच्या पाण्याचा निचरा हेच माझं नोकरीतलं काम. हिरवळीच्या टोकाला एक खोल चर आहे, घराकडच्या अंगाला भिंत बांधलेला. गुरांनी दिवाणखान्यापर्यंत येऊ नये आणि मालकाला कुंपणही दिसू नये, म्हणून. घरातून बघा, हिरवळ सलग. गुरांच्या बाजूने बघा, छातीएवढी भिंत. हिवाळ्यात तो चर पाण्याने का भरतो, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी जुने नकाशे मागवले, चार शनिवार चिखलात फिरले आणि तळ्याखालचं विटांचं गटार नेमकं कुठे बुजलंय ते शोधून काढलं. बारा पानांचं टिपण केलं.

मला मिळालं स्वयंपाकघर. पांढरा एप्रन, टोपी आणि घासायला तांब्याची पातेली, जुन्या काळचं दाखवायला म्हणून. बागेच्या गाइडना नुसता छातीवर बिल्ला. दीड वर्ष मी विचारत राहिले, बाग कधी? "सून, डार्लिंग, सून."

"फुकटची मोलकरीण झालीस," नवरा म्हणाला.

"गाइड आहे मी."

"हो, टोपीवाली."

यंदाच्या मे महिन्यात बाग मिळाली एका निवृत्त बँक मॅनेजरला. त्याला येऊन सहा आठवडे झाले होते. बाई मला म्हणाल्या, "तुझं ते टिपण त्याला देशील ना?"

"नो वरीज," माझ्या तोंडून गेलं. इथे राहून तोंडाला वळणच पडलंय तसं. दिलं.

जूनमधल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका शनिवारी चर तुडुंब भरलेला. तो वीसेक पाहुण्यांना घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला. माणूस वाईट नव्हता. हातात माझं टिपण होतं, पण त्यातले उतारांचे आकडे त्याला कळत नव्हते.

"हे पाणी येतं कुठून, जरा सांग ना यांना," तो म्हणाला, आणि पाहुण्यांकडे वळून, "शी नोज एव्हरीथिंग!"

माझ्या हातात पातेलं होतं. उत्तर तोंडपाठ होतं. वीस जण माझ्या टोपीकडे बघत होते.

"सॉरी," मी म्हटलं, "आय ओन्ली डू द किचन."

लोक हसले. त्यांना मी गोड वाटले असणार.

चहाच्या वेळी मी एप्रनची घडी करून खुर्चीवर ठेवली आणि त्याच्यासमोरचं टिपण उचलून पिशवीत टाकलं. टेबलभर उष्टे कप होते. बाई माझ्याकडे बघत होत्या, नेहमीसारख्या. मी माझाही कप तिथेच सोडला, तळाशी चहा तसाच, आणि गाडी काढली.

घरी येऊन आईला फोन केला, सगळं सांगितलं. मला वाटलं, शाबासकी देईल.

"आणि दीड वर्ष?" ती म्हणाली. "दीड वर्ष कोण विसळत होतं?"