विहिरीतलं पाणी उन्हात

अख्ख्या नगर जिल्ह्यात आमच्याइतकं शहाणं गाव सापडायचं नाही. पावसाचं पाणी साठवायला म्हणून आम्ही शेततळी खणली, त्यात प्लास्टिक अंथरलं आणि भरली मात्र विहिरी उपसून. कारण एकच: आपण नाही उपसलं, तर शेजारी उपसेल. मीही दिवाळीपासून मोटर चालू ठेवली. आई म्हणाली, "आरं, सावलीतलं पानी उन्हात कशाला मांडतो?" मी तिला गप्प बसवलं.

एप्रिलमध्ये विहिरींचा तळ दिसला. तळ्यांतलं निम्मं पाणी उन्हानं पिऊन टाकलं, उरलेलं डाळिंबाला गेलं. मग प्यायच्या पाण्याचा सरकारी टँकर आला. परगावच्या ड्रायव्हरनं पाइप सरळ गावच्या कोरड्या विहिरीत सोडला. आई म्हणाली, "बघ, त्याला तरी कळतंय पानी कुठं ठेवायचं."