कंपनीचे मोजणीवाले

कंपनीचे एक मोजणीवाले होते. त्यांनी माझ्यावर जितका संशय घेतला तितका ना माझ्या बायकोने घेतला, ना करमणूक कराच्या साहेबाने. साऱ्या वर्धा जिल्ह्यात त्यांचा विश्वास असलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे त्यांचा स्वतःचा जेवणाचा डबा. आणि तोही ते उघडण्याआधी कानाजवळ हलवून बघत. मी तेव्हा अल्लीपुरात केबल चालवायचो. वडिलांचा भाजीचा मळा, त्यामुळे भाव करायला मी वांग्याच्या हर्राशीत, म्हणजे लिलावात, शिकलो. पुढे गच्चीवर मोठी डिश बसवली, एकेका खांबावर स्वतः चढून वायर ओढली. वाहिन्या दाखवायच्या तर कंपनीला घरामागे पैसे द्यावे लागत, आणि गावात जोडण्या किती, हे माझ्याशिवाय कोणी सांगू शकत नव्हतं. मी दोनशे सांगायचो. खऱ्या किती होत्या, ते बायकोलाही माहीत नव्हतं. ते शोधून काढायलाच कंपनीने हा माणूस ठेवला होता.

ते एसटीने यायचे, पण स्टँडवर कधी उतरायचे नाहीत. गावाआधीच उतरून शेताच्या धुऱ्यावरून चालत यायचे, म्हणजे मला वर्दी लागू नये. माझ्याकडे चहा घेत नसत. "भाऊ, चहा पेला की माणूस वीस जोडण्या विसरते," असं म्हणायचे. पाणी दिलं तर आधी मला प्यायला लावायचे. स्वतः कुठे राहतात हे सांगत नसत, कारण पत्ता दिला की लोक भेटायला येतात आणि भेटायला आले की भाजी घेऊन येतात. मीही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. ज्या घरी केबल दिली, तिथला जुना अँटेना मी छपरावर तसाच ठेवायला सांगायचो, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं, इथे अजून दूरदर्शनच चालतं. एकदा ते अशाच एका छपराखाली बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, "भाऊ, हा अँटेना टीव्हीचा आहे का दोडक्याचा?" वर पाहिलं तर दोडक्याचा वेल त्याच्या टोकापर्यंत चढलेला आणि फळंही धरलेली. त्यांनी वहीत एक रेघ ओढली, म्हणजे एक जोडणी वाढली.

एका हिवाळ्यात मात्र त्यांनी हद्द केली. छपरं सोडून ते बायकांना विचारत फिरले. अंगणात कोणी भांडी घासताना दिसली की थांबायचे, "बाई, माझा कालचा भाग चुकला. त्या सुनेचं काय झालं?" ती मालिका फक्त केबलवर लागायची; बाई सांगायला लागली की वहीत रेघ. दुपारी ते माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "तीनशे सत्तर."

माझं डोकं फिरलं. "गावात तेवढे टीव्ही तरी हायेत का?"

"मंग बायाईले सुनेची गोष्ट कशी माहीत?"

"तुमचा हिशोब कोण्या शाळेतला हाय?"

"गिरडच्या दर्ग्यातल्या बाबाची शपथ घ्या, तुमचे दोनशे लिहितो."

"बाबाले केबलात कायले ओढता?" मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "मान्य नसन तं सोमवारी कार्ड बंद करतो," म्हणाले. कार्ड बंद म्हणजे पडदे काळे. जाम गावचा केबलवाला आमच्या शिवेपर्यंत वायर आणून बसला होता; आठ दिवस मालिका दिसली नसती तर अर्धं गाव त्याच्याकडे गेलं असतं. आणि तीनशे सत्तरचे पैसे भरायचे तर मला पुन्हा वांग्यांकडे जावं लागलं असतं.

मी त्यांचं मनगट धरलं आणि थेट माझ्या मावशीच्या घरी नेलं. कालचा भाग दुपारी पुन्हा दाखवत, तो नुकताच सुरू झाला होता. एक टीव्ही, पुढे सतरा बाया, मधोमध तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग.

"कोण हा?" मावशीने मान न वळवता विचारलं. "चपला बाहेर काढ मनाव. बसायचं असन तं शेंगा सोल."

ते बसले आणि सोलायला लागले. सासूचा हार चोरल्याचा आळ त्या सुनेवर आला होता. दहा मिनिटांत हे गृहस्थ मला विसरले. "हिनं नाई घेतला," ते हळूच म्हणाले. "त्या जावेवर नजर ठेवा."

"सहा दिवसांपासून मी हेच सांगून राह्यली," मावशी म्हणाली आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून पाहिलं.

जाहिराती लागल्या तेव्हा त्यांनी ओठ हलवत बाया मोजल्या. "रोज इतक्या असतात?"

"रोज. जिच्या घरी टीव्ही नाई, तिनं काऊन गोष्ट बुडवावी?"

भाग संपला तरी ते ढीग संपल्याशिवाय उठले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी तीनशे सत्तर खोडलं आणि खाली लिहिलं, दोनशे सदतीस.

अगदी खरा आकडा होता तो. "थोडं कमी करा," मी सवयीने म्हणालो.

"शपथ घ्या, करतो."

मी वहीत सही केली. केबल वाचली, पण या माणसाने मला सदतीस जोडण्यांना बुडवलं, असं मी पुढे कित्येक वर्षं गावभर सांगत फिरलो. खरा आकडा त्यांना कसा कळला, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो खरा असल्याचं कबूल केल्यासारखं झालं असतं.

मग घराघरांत सेट टॉप बॉक्स आले. जोडण्या आता कंपनीचा कॉम्प्युटर मोजतो. मोजणीवाले यायचे थांबले, आणि पत्ता त्यांनी दिलाच नव्हता. परवा बिल पाहून मी कंपनीत फोन लावला आणि सांगितलं, तुमचा आकडा चुकीचा आहे. चुकीचा नव्हता. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही म्हणता ते बरोबरच असेल. नोंद करून घेते." पुढची चार वाक्यं मी तयार ठेवली होती, ती तशीच राहिली. आपलं म्हणणं कोणी इतक्या सहज खरं मानलं, की फार एकटं वाटतं.