लॉर्डसाहेबांचा लाडका कोल्हा

लॉर्ड पेव्हरिल यांनी उभ्या आयुष्यात दोनच कामं केली. घोड्यावरून पडले आणि कोल्ह्यामागे धावले. अंगात पिवळंजर्द जाकीट, आणि शिकारी कुत्र्यांना सगळ्या आत्यांची नावं. श्रॉपशरमधल्या त्यांच्या जमिनीवर कोल्ह्याला गोळी घालणं म्हणजे चर्चमध्ये थुंकण्यासारखं. तो मरायचा तर कुत्र्यांच्याच तोंडी. हेस्टर हे त्यांचं कूळ. ती कोंबड्या पाळायची आणि कोल्हा त्या खायचा. वाटेत भेटले की लॉर्डसाहेब विचारत, "आपला गडी धष्टपुष्ट आहे ना?" हेस्टरच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

या हिवाळ्यात कुत्र्यांनी अखेर त्याला गाठलं. कोल्हा थेट तिच्या खुराड्यात घुसला. आतल्या कोंबड्यांवर पाणी सोडून हेस्टरने दार लावलं.

"सापडला एकदाचा. संपवा त्याला."

लॉर्डसाहेबांनी कुत्रे मागे घेतले आणि टोपी काढली. "हेस्टरबाई, याला मारलं तर उद्या मी कुणामागे धावू? दमलाय बिचारा. निवांत जेवू दे त्याला."

आत कोंबड्यांचा आकांत चालला होता.

"साहेब, एकदाचं सांगून टाका," हेस्टर म्हणाली. "तुमचं कूळ मी की तो?"

लॉर्डसाहेब खरंच विचारात पडले.