प्रमोदिनीबाई आणि सिंटचा झगा

क्लासवेर्ड हे नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतातलं कालव्याकाठचं छोटं गाव. तिथे सिंटरक्लास, म्हणजे मुलांना भेटी देणारा डच संत, जणू वर्षभर मुक्कामाला असतो; गावात त्याला नुसतं सिंट म्हणतात. मुलं त्याच्या भेटींसाठी बूट मांडून ठेवतात, तसा चौकात दगडी बूट आहे, बाकांच्या पाठी बिशपच्या टोपीच्या आकाराच्या आहेत आणि बेकरीत सणाची मसाल्याची बिस्किटं जूनमध्येही मिळतात. नोव्हेंबरात हा पांढऱ्या दाढीचा संत बोटीतून धक्क्यावर उतरतो, तेव्हा दूरदूरची मुलं गोळा होतात.

त्याचा लाल मखमली झगा सांभाळायचं काम प्रमोदिनीबाईंकडे होतं. त्या मूळच्या इचलकरंजीच्या. नवरा अरुण दुधाच्या कारखान्यात इंजिनिअर, म्हणून त्या इथे आल्या. पहिल्याच हिवाळ्यात मिरवणुकीत सिंटच्या झग्याची कड उसवलेली त्यांना दिसली. डच भाषेचा एक शब्द येत नव्हता. त्यांनी पर्समधून सुईदोरा काढला, रस्त्यात गुडघे टेकले आणि चार टाके घातले. पुढची बावीस वर्षं झगा त्यांच्याच कपाटात राहिला.

मिरवणुकीत सिंट व्हायचे ते गावातले म्हातारे हूकस्ट्रा. पूर्वी ते बोटी जाऊ देण्यासाठी कालव्यावरचा पूल उघडायचे. २०२०च्या वसंतात त्यांना कोरोना झाला. त्यातून वाचले, पण एकटं राहणं जमेना, म्हणून वृद्धाश्रमात गेले. त्या वर्षी मिरवणूक रद्द झाली, तेव्हा त्यांनीच प्रमोदिनीबाईंना फोन केला.

"मी खिडकीत बसतो. मुलांनी बाहेरून सायकलवरून जावं. फक्त झगा आता अंगावर राहत नाही."

आश्रमात पुन्हा दोघांना लागण झाली होती आणि भेटी बंद होत्या. त्यामुळे माप काचेतून घ्यावं लागलं. आत हूकस्ट्रा खुर्चीत, शेजारी टेप घेतलेली परिचारिका. बाहेर झिमझिम पावसात प्रमोदिनीबाई, कानाला फोन आणि हातात वही.

"छाती ब्याण्णव," परिचारिका म्हणाली.

"परत घ्या. एकशे बारा असते."

परिचारिकेने परत घेतली. ब्याण्णवच. हूकस्ट्रांनी फोन मागून घेतला. "टेप बरोबर आहे, बाई. मीच चुकीचा झालोय."

प्रमोदिनीबाईंनी आकडा लिहिला. कागद भिजला होता, पेन नीट उमटेना.

घरी त्यांनी झगा उसवला. जादा कापड कापून टाकलं असतं तर काम सोपं झालं असतं. त्यांनी ते सगळं माया म्हणून शिवणीत आत दुमडलं आणि हाताने टाके घातले. अरुण बघत होते.

"अगं, केवढी माया ठेवतेस? जड होईल त्यांना."

"होऊ दे. वजन वाढलं की उसवता येईल."

झगा खरंच जड झाला. हूकस्ट्रांनी फोनवर तक्रारही केली. तरी शनिवारी ते तो घालून दीड तास खिडकीत बसले. मुलं एकेक करून येत होती, घंटी वाजवत होती, चित्रं काचेला लावून दाखवत होती. प्रमोदिनीबाई पलीकडच्या फुटपाथवर उभ्या होत्या. शेवटी शेवटी हूकस्ट्रांना मुलांकडे हलवायला हात उचलवेना, तेव्हा परिचारिका खुर्चीमागे वाकली आणि तिने कोपर खालून धरून ठेवलं. बाहेरून कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रमोदिनीबाईंच्या मात्र आलं. मास्क ओला होईपर्यंत त्या रडल्या.

लस मिळाली, भेटी सुरू झाल्या. प्रमोदिनीबाई दर गुरुवारी आश्रमात जाऊ लागल्या. हूकस्ट्रांचं वजन थोडं वाढलं, पण झग्याचा विषय त्यांनी स्वतःच संपवला. "आता दुसऱ्याला द्या. मला एकदा काठावरून बघायचंय."

२०२१च्या नोव्हेंबरात, गर्दी नको म्हणून, बोट धक्क्यावर न थांबता नुसतीच कालव्यातून गावभर फिरली. आश्रमाच्या कालव्याकाठच्या अंगणात हूकस्ट्रा आणि प्रमोदिनीबाई शेजारी बसले होते. नवा सिंट, शाळेतला एक मास्तर, दोन्ही हात जोरजोरात हलवत समोरून गेला.

"दमेल," हूकस्ट्रा म्हणाले. "अजून अर्धा कालवा बाकी आहे."

"सांगू का ओरडून?"

"नको. कळेल त्याचं त्याला." आणि त्यांनी थर्मासमधला चहा मागितला.