सुगंधाबाईची पांढऱ्या डोळ्यांची माशी

धुळ्यात पांझरेपलीकडे, देवपूरच्या एका कॉलेजात सुगंधाबाई प्रयोगशाळेत शिपाई होती. एके काळी कापसातली कीड लागून पिवळी पडलेली कवडी निवडणारी तिची बोटं आता फळमाश्या निवडत. मक्याचं पीठ नि गूळ शिजवून त्यांचं अन्न करायचं, बाटल्या ओल्या पोत्यात गार ठेवायच्या, सगळं तिच्याकडे.

अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलात प्राणिशास्त्राच्या पितांबर सरांनी लाल डोळ्यांचे नर पुण्याहून क्ष-किरण देऊन आणले. किरणांनी गुणसूत्राचा लाल रंग देणारा तुकडाच गळून पडतो का, हे त्यांना बघायचं होतं. नरांना पांढऱ्या डोळ्यांच्या कुवार माद्या दिल्या. एरवी सगळ्या मुली बापासारख्या लाल डोळ्यांच्या. तुकडा गळला असेल तरच एखादी पांढऱ्या डोळ्यांची.

तीन हजारांत तशी एक निघाली.

सर हरखले नाहीत. "टाकून द्या ती. हिची आई आपल्याच पांढऱ्या भावाला आधी लागलेली असणार. पुस्तकात कोशातून निघाल्यावर आठ तासांत माद्या वेगळ्या करा म्हणतात, पण या उन्हात आठ तास थांबलं तर उशीरच होतो."

सुगंधाबाईने बाटली टाकली नाही. सहा वर्षांत तिच्या निवडीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

"मी दर चार तासांनी निवडते सर. उन्हात माशी लवकर वयात येते, हे मना डोळ्यांनी पाहेल शे. कुवारीच होती ती आई."

"सांगितलं नाही कधी?"

"तुम्ही इचारं कधी?"

सर हसले, पण म्हणाले, "पुरावा पाहिजे, बाई."

पांढऱ्या माशीला साधा लाल नर दिला. तुकडा खरंच गळला असेल, तर ते तुटकं गुणसूत्र मिळालेले निम्मे मुलगे जगणार नाहीत, कारण मुलग्यांत ते एकच असतं; मुलींच्या निम्मेच मुलगे निघतील. बारा दिवसांनी सुगंधाबाईने ईथरची गुंगी देऊन माश्या कागदावर पसरल्या आणि पिसाच्या टोकाने मोजल्या. मुली एकशे चोवीस. मुलगे एकसष्ट.

सरांनी स्वतः पुन्हा मोजल्या. मग त्याच बाटलीतल्या अळ्यांच्या लाळग्रंथी, जिथे गुणसूत्रं मोठी दिसतात, काचेवर दाबल्या, आणि तिसऱ्या काचेवर सूक्ष्मदर्शकापासून खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "बसा. बघा."

जोडीने गेलेल्या, गुणसूत्रांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या दोन दोऱ्यांपैकी एकाने मध्येच पोट काढलं होतं. समोरच्या दोऱ्यात तेवढा तुकडा नव्हताच.

"सोमवारी नवे नर येताहेत," सर म्हणाले. "माद्या तुम्हीच निवडा. आता मी विचारणार नाही."

काचेवरून डोळा न काढता सुगंधाबाई म्हणाली, "इचारा ना सर. इचारं म्हनीसनच ते समजनं."